वणव्यानंतरचे डबे

घरदार जळून गेलेल्या लोकांना रोजचं साधं जेवण पोचवायचं काम आम्ही काही मैत्रिणी जानेवारी २०२५ पासून करतोय. बऱ्याच जणींनी विचारलं की नक्की काय देता, कसं देता, आणि आमच्या इथे असं काही झालं तर कुठून सुरू करायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आम्ही राहतो साऊथ पॅसाडीनाला, लॉस एंजेलिसजवळ. ७ जानेवारी २०२५ ला सकाळी पॅसिफिक पॅलिसेड्सला आग लागली तेव्हा सगळे टीव्हीवर तिकडचं बघत होते, आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्या डोक्यावरच्या डोंगरात, ईटन कॅन्यनमध्ये दुसरी आग लागली. सांता ॲना वारे म्हणजे वाळवंटाकडून डोंगर ओलांडून खाली येणारे कोरडेठाक वारे, दरवर्षी असतात, पण त्या रात्रीसारखे मी तरी कधी अनुभवले नव्हते, काही ठिकाणी झोत ताशी ८० मैलांच्या वर होते आणि विमानं-हेलिकॉप्टरं उडवता येत नव्हती. त्यात इथे हिवाळा म्हणजेच पावसाळा, तरी महिनोन्महिने पाऊस नाही, सगळं गवत वाळून कोळ. सकाळपर्यंत डोंगराच्या पायथ्याच्या अल्टाडीना गावाचा मोठा भाग गेला होता. १४ हजार एकर, ९ हजारांच्या वर घरं-दुकानं-शाळा, आणि १९ माणसं. ती माणसं जवळजवळ सगळी लेक ॲव्हेन्यूच्या, म्हणजे गावाच्या मधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या, पश्चिमेची, बरीचशी म्हातारी, एकटी, कारण त्या बाजूला घर सोडायचा आदेश पोचला तोच पहाटे तीन वाजून गेल्यावर. हे मला आजही लिहवत नाही.

आणि पश्चिम अल्टाडीना म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना माहितीय. इतर ठिकाणी कृष्णवर्णीय कुटुंबांना घर घेऊच देत नव्हते त्या काळात ज्या थोड्या भागांत घेता आलं त्यातला हा एक, साठ-सत्तरच्या दशकात घेतलेली घरं, मग मुलांना, मग नातवंडांना. तिथे नुसती घरं जळाली नाहीत, तीन तीन पिढ्यांचं सगळं गेलं.

आता डब्यांबद्दल.

पहिल्या दोन-तीन दिवसांत आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच, काय करू, काय करू. कपडे द्यायला सांता अनिटाच्या रेसकोर्सच्या पार्किंगमध्ये एवढी गर्दी की कपड्यांचे डोंगर झाले. जेवणाचं म्हणाल तर शेल्टरमध्ये जेवण होतं, आपत्तीत जेवण पुरवणाऱ्या वर्ल्ड सेंट्रल किचन संस्थेची माणसं आली होती, इथल्या रेस्टॉरंटवाल्यांनी तर स्वतःची माणसं बेघर झालेली असताना गाड्या लावून लोकांना खायला घातलं, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. आम्ही आधी फोन करून विचारलं तेव्हा कळलं की मोठ्या शेल्टरमध्ये सहसा घरी शिजवलेलं घेत नाहीत, पॅकबंद किंवा परवाना असलेल्या किचनमधलंच चालतं. नियम बरोबर आहे, शेकडो लोक एका छताखाली, एकाला पोट बिघडलं की सगळ्यांना, आणि त्यात म्हातारे, आजारी, लहान मुलं. तेव्हा ज्यांना मदत करायची आहे त्यांनी आधी हे विचारून घ्या, पातेलं भरून दारात जाऊ नका.

पण मग लक्षात आलं की शेल्टरमध्ये जेवढे लोक आहेत त्याच्या कितीतरी पट लोक शेल्टरमध्ये नाहीतच. ते मोटेलमध्ये आहेत, भावाकडे सोफ्यावर आहेत, मुलांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये आहेत, कोणी गाडीतच. त्यांच्यापर्यंत कोण पोचतंय? आमच्यातल्या एकीच्या मुलाच्या वर्गातली किती तरी मुलं बेघर झाली होती, त्यांच्या आयांना तिने मेसेज केला, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना सांगितलं, आणि तिथून ओळखीने ओळख वाढत गेली. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दिलेला डबा, एवढंच स्वरूप होतं आणि अजूनही तेवढंच आहे.

एक साधी शीट केली. नाव, सध्या कुठे, किती माणसं, काय चालत नाही, आणि त्यात एक रकाना होता जो मी सगळ्यांना करायला सांगेन : तुमच्याकडे सध्या काय आहे? फ्रीज आहे का, केवढा, मायक्रोवेव्ह आहे का, ताटल्या-चमचे आहेत का, भांडी घासायची सोय आहे का. कारण मोटेलच्या खोलीत साधारण एक बुटका फ्रीज असतो ज्यात दुधाचा कॅनही आडवा ठेवावा लागतो, आणि एक मायक्रोवेव्ह, बास. तिथे प्रेमाने मोठा ट्रे भरून लझान्या नेऊन दिला तर त्या माणसाने तो ठेवायचा कुठे? जे टिकवता येत नाही ते फेकावं लागतं, आणि नुकतंच सगळं गमावलेल्या माणसाला अन्न फेकायला लावणं फार वाईट. म्हणून आम्ही सगळं एकेका माणसाच्या पुरतं, चपट्या डब्यात, एकावर एक बसेल असं. डबे परत नकोत असं पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, कोणाच्या डोक्यावर डबा धुऊन परत द्यायचं ओझं नको.

पाण्याचंही होतं. अल्टाडीनातल्या छोट्या पाणी कंपन्या आणि पॅसाडीनाचा काही भाग, तिथे नळाचं पाणी पिऊ नका अशी नोटीस होती. घरं जळताना पाइपातला दाब गेला की जळक्या प्लॅस्टिकमधली बेंझीनसारखी रसायनं पाण्याच्या लाइनीत ओढली जातात, उकळून ती जात नाहीत. २०१७ ला सांता रोझाला आणि २०१८ ला पॅरडाइजला वणव्यानंतर हेच झालं होतं. त्यामुळे ज्यांचं घर वाचलं ते लोकही स्वैपाक करू शकत नव्हते, आणि त्यांची अवस्था अशी की घर उभं आहे म्हणून मदत मागायला लाज वाटायची. त्यांनाही यादीत घेतलं, मुद्दाम.

आता काय शिजवायचं. सुरुवातीला एकीचं म्हणणं होतं की काहीतरी छान, पाहुण्यांना करतो तसं देऊया, छोले, पुलाव, पनीर. पण ज्यांच्याशी बोललो त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मेनू ठरला. धुरामुळे सगळ्यांचे घसे सोललेले, तिखट सोडाच, नुसती मिरीसुद्धा लागायची. आठवडाभर पिझ्झा, बर्गर, सँडविच खाऊन पोटं बिघडलेली, मुलांना तर शौचाला होत नव्हतं. बरेच म्हातारे लोक कवळी न घेता पळाले होते, पहाटे अंधारात कोण शोधणार, आणि नवीन कवळी व्हायला आठवडे लागतात. ब्लडप्रेशरच्या, शुगरच्या गोळ्याही राहिल्या होत्या, म्हणजे मीठ कमी, साखर कमी. हे सगळं एकत्र करा आणि सांगा काय उरतं. मऊ खिचडी!

खिचडी आम्ही अशी करतो : तांदूळ आणि मुगाची डाळ समसमान, पाणी नेहमीपेक्षा बरंच जास्त कारण गार झाली की आळते आणि मायक्रोवेव्हमध्ये अजून कोरडी पडते. फोडणीला तूप, जिरं, हळद, किसलेलं आलं, आणि गाजर-दुधी-पालक इतके बारीक की चावावं लागू नये. मिरची नाही, मोहरीसुद्धा नाही, दाताखाली येते. हिंगाकडे लक्ष द्या, आपल्या दुकानातल्या बहुतेक डब्यांत हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि ग्लुटेन न चालणारा माणूस खिचडी बघून बिनधास्त खाईल. आम्ही हिंग बंदच केला. वरचं तूप वेगळ्या छोट्या डबीत, ज्यांना हवं ते घेतील. मीठही कमीच, सोबत मिठाची पुडी.

टोमॅटोचं सार, भोपळ्याचं सूप, बटाट्याची पिवळी भाजी आणि मऊ पोळ्या, रव्याचा शिरा कमी साखरेचा, गव्हाची लापशी. एका मैत्रिणीकडे चिकन होतं, ती चिकन-भाताचं पातळ सूप करायची, त्याला सगळ्यात जास्त मागणी, आणि त्यात काही नवल नाही, त्यांच्या आईने आजारपणात तेच दिलेलं असणार. साराला पण फार मागणी आली हे मात्र मला अनपेक्षित होतं. एक काका, शाळेत शिकवायचे, दर वेळी मेसेज करायचे की ते लाल गरम सूप असेल तर दोन द्या, घशाला बरं वाटतं.

स्वच्छतेबद्दल थोडं, कारण घरचं आहे म्हणून सुरक्षित असं नसतं. भात हा त्यातला सगळ्यात फसवा. शिजलेला भात बाहेर कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढून विष तयार होतं आणि ते परत गरम केल्याने जात नाही. ४ अंश सेल्सियसच्या वर आणि ६० च्या खाली अन्न राहण्याचा काळ दोन तासांच्या आत संपवायचा, एवढं पाठ करून टाका. मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर मधला भाग चार-चार तास गरम राहतो, म्हणून शिजलं की लगेच पसरट ट्रेमध्ये काढायचं, ट्रे बर्फाच्या पाण्यात, मग डब्यात, मग फ्रीजमध्ये, आणि नेताना बर्फाच्या पिशव्या घालून कूलरमध्ये. डब्यावर पट्टी : काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खा, त्यात काय काय आहे. खाताना वाफा येईपर्यंत गरम करा, हेही मोठ्या अक्षरात. चष्मे गेलेल्या लोकांना बारीक अक्षर वाचता येत नाही.

पट्टीचं महत्त्व संक्रांतीला पटलं. १४ जानेवारी, आगीला जेमतेम आठवडा झालेला, सण करावा असं कोणाच्याच मनात नव्हतं. पण आमच्यातल्या एक काकू, वयाने सगळ्यांत मोठ्या, त्या म्हणाल्या अगं तिळगूळ द्यायचा असतो तो अशाच वेळी द्यायचा ना. मग लाडू केले, मऊ, चिक्कीच्या गुळाचे नाही, कवळीवाल्यांना खाता येतील असे. पण अमेरिकेत तीळ हा प्रमुख ॲलर्जीच्या पदार्थांत मोजला जातो, २०२३ पासून तर पॅकबंद मालावर लिहावाच लागतो, शेंगदाणा तर आहेच. म्हणून लाडू जेवणाच्या डब्यात घातलेच नाहीत, वेगळ्या पुडीत, वर ठळक अक्षरांत तीळ आणि शेंगदाणे आहेत असं लिहून, आणि विचारूनच दिले. एक बाई पुडी हातात घेऊन म्हणाल्या, याचा काही सण आहे का? काकूंनी सांगितलं की गोड खा आणि गोड बोला असं म्हणून देतात. त्या बाई दारातच रडायला लागल्या, म्हणाल्या दिवसभर इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर बोलतेय, आज पहिल्यांदा कोणीतरी गोड बोललं. काकू त्यांना जवळ घेऊन किती तरी वेळ उभ्या होत्या.

दारात काय बोलायचं हे पण शिकण्यासारखं आहे. घर कसं जळलं, किती गेलं, इन्शुरन्स होता का, हे विचारायचं नाही. ते लोक दिवसातून दहा जणांना तेच सांगत असतात. आज काय खावंसं वाटतंय, पुढच्या वेळी काय आणू, मुलं कशी आहेत, एवढं पुरे. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतातच, आणि मग घाई करायची नाही. काहींना भेटायचंही नसतं, मग रिसेप्शनला ठेवायचं आणि मेसेज करायचा. फोटो नाही. कधीच नाही, देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, हा आमच्याकडे एकच कडक नियम आहे.

साधारण महिन्याभरात गर्दी ओसरली. बातम्या थांबल्या, स्वयंसेवक आपापल्या कामाला लागले, फुकट जेवणाच्या गाड्या कमी झाल्या. आणि खरी गरज तेव्हा सुरू झाली असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्यात माणूस भेदरलेला असतो, त्याला भूकही नसते. महिन्याभराने तो तिसऱ्या मोटेलमध्ये असतो, भाडी वाढलेली असतात (आणीबाणीत दहा टक्क्यांच्या वर वाढवायची नाहीत असा कायदा आहे, तरी लोक वाढवतात), मुलांची शाळा दुसरीकडे, दिवसभर फॉर्म आणि फोन, आणि संध्याकाळी सहा वाजता मुलं विचारतात जेवायला काय. तेव्हा डबा हवा. आमच्या शीटमध्ये पत्ते सारखे बदलायचे, म्हणून डबे काढायच्या आदल्या रात्री प्रत्येकाला कुठे आहात असा मेसेज टाकायचा, तो अजून टाकतो.

मग राख चाळायचे दिवस आले. लोक पांढरे सूट घालून आपापल्या घराच्या जागी तासन् तास बसायचे, एखादी अंगठी, आईचा कप, काहीतरी मिळावं म्हणून. बाहेर रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या चाकांचं ॲल्युमिनियम वितळून ओघळून थिजलेलं. तिथे खाणं द्यायचं तर जपून, जुन्या घरांच्या राखेत शिसं, ॲस्बेस्टॉस, काय काय असतं. तिथे डबा उघडायचाच नाही, लांब गाडीशी यायचं, मास्क-हातमोजे काढून साबणाने हात धुवायचे, मग खायचं. म्हणून आम्ही पोळीचे रोल करायचो, बटाट्याची भाजी घालून, कागदात घट्ट गुंडाळून, आणि सोबत पाण्याचा कॅन आणि साबण. पंधरा मिनिटं का होईना, राखेपासून उठून कोणीतरी त्यांना गाडीत बसायला लावायचं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेच्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, नवऱ्याने सत्तरच्या दशकात घेतलेलं घर गेलं, भाचीकडे एका खोलीत राहायच्या. आमची खिचडी नेमाने घ्यायच्या, कौतुकही करायच्या. एकदा म्हणाल्या, बाळा, फार छान करतेस, पण मला माझ्या हातचं खावंसं वाटतंय आणि भाचीच्या स्वैपाकघरात तिच्या रोजच्या कामात मी लुडबुड करत नाही. मी म्हटलं मग माझ्याकडे या.

आल्या. मुलीला घेऊन आल्या. चवळी, कॉलर्ड नावाची जाड हिरवी पालेभाजी, आणि मक्याचा ब्रेड. त्यांच्यात एक जानेवारीला चवळी खातात, वर्ष चांगलं जावं म्हणून, आणि आगीच्या वर्षीही त्यांनी केली होती, उरलेली फ्रीजरमध्ये ठेवली होती, ती घराबरोबर गेली. मी आपली चवळीची बरणी काढून दाखवली तर त्यांनी हातात घेऊन दाणे हलवून बघितले आणि हसल्या, म्हणाल्या तुझे बारीक आहेत पण चालतील. त्या भाजीत धुरी दिलेलं टर्कीचं मांस घालतात, त्यांनी विचारलं तुझ्या घरात चालेल का. आमच्याकडे मांस शिजत नाही. पण त्या दिवशी ते स्वैपाकघर त्यांचं होतं, मी म्हटलं घाला, आणि सासूबाईंनीही व्हिडिओ कॉलवर ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं की त्यांना बसायला उंच खुर्ची दिलीस ना.

त्यांच्या आईच्या हातच्या पाककृती एका पत्र्याच्या डब्यात होत्या, कार्डांवर लिहिलेल्या. गेल्या. आजींना सगळं पाठ आहे पण प्रमाण नाही, आपल्या आयांसारखंच, हाताला कळतं. म्हणून मुलीने आणि मी असं केलं की आजींनी मुठीत काही घेतलं की पातेल्यात टाकायच्या आधी मुठीखाली वाटी धरायची, काट्यावर वजन करायचं, लिहायचं, मग पातेल्यात. आजी वैतागल्या, अशाने कांदा करपेल म्हणाल्या, पण करू दिलं. त्या संध्याकाळपर्यंत पाच पदार्थ नीट लिहून झाले. मुलीने नंतर ते छापून सगळ्या भावंडांना पाठवले.

तेव्हापासून जेवण पोचवण्याइतकंच स्वैपाकघर देण्याचंही काम आम्ही धरलंय. एक फिलिपिनो नर्स आली, तिने आल्याचा पातळ भात केला, कोंबडी घालून. ज्यांची अल्टाडीनातली मशीद जळाली त्यातलं एक कुटुंब रमजानात आलं, आठवड्याभराची सेहरीची तयारी एकदम करून घेऊन गेलं. आपण घर मोकळं करून द्यायचं, मसाल्याचे डबे कुठे ते दाखवायचं, आणि हाताखाली कांदा चिरायला थांबायचं किंवा बाहेर जाऊन बसायचं, त्यांना जे हवं ते. घर गेलेल्या माणसाला सारखं घ्यायलाच लागतं, त्याला कोणाला काही वाढताच येत नाही, आणि ज्या बाईने आयुष्यभर रविवारी वीस माणसं जेवायला घातलीत तिला हे किती लागत असेल. त्या आजी जाताना आमच्यासाठी मक्याचा ब्रेड ठेवून गेल्या होत्या, आणि माझ्या मुलाने तो सकाळी दुधाबरोबर संपवला हे कळवल्यावर त्यांनी पुढच्या वेळी दोन केले.

सध्या आमचा दिवस गुरुवार. यादी लहान झालीय, काही जण दुसऱ्या राज्यात गेले, काहींना भाड्याचं नीट घर मिळालं, काहींचं बांधकामाचं चाललंय. पण अजून मोटेलमध्ये असलेलेही आहेत. या गुरुवारी साराची मागणी शाळेतल्या काकांकडून, बिनमिठाची लापशी एका आजोबांसाठी, आणि एका छोट्याने आईच्या फोनवरून स्वतः टाइप केलंय की पिवळा भात पाहिजे पण त्यात गाजर नको. गाजर वगळून एक वेगळं पातेलं लावणार आहे.